चार भाषा आन् एक म्हैस

आमच्या ह्यांना गावात सयाजी हवालदार म्हंत्यात. मी काय म्हनते ते इचारू नगा. फौजंतनं पेन्शनीवर आले तवा वाटलं, आता मानूस ऊस बघंल, दोन घास सुखानं खाईल. कशाचं काय! ह्यांनी मोबाईल आन् पुण्यातनं आनलेली जुनी पुस्तकं घेऊन परदेशी भाषा काढल्या. मास्तर न्हाई, शाळा न्हाई. आन् एक न्हाई, चार! "फौजंत पंजाबी, तमिळ, नेपाळी एकदम आल्या की," म्हंत्यात. आवं, तितं बोलायला मानसं व्हती. हितं कोन हाय? मी आन् म्हैस.

उसाला पानी पाजताना जर्मन, जेवताना फ्रेंच, दिवाबत्तीला स्पॅनिश, धार काढताना जपानी. डब्यांवर चार-चार चिठ्ठ्या, मराठी एकबी न्हाई. पाटणचं पाव्हणं आलं तवा त्यांच्या चहात मीठ पडलं. लाजंनं मेले मी.

बरं, एक तरी धड यावी! एक ना धड, भाराभर चिंध्या. ह्यातली मेख मला लय उशिरा कळली. एका भाषेच्या परीक्षेचा फॉर्म भरला की ह्यांना दुसरी भाषा सुचती. दहावीला नापास झाले तवा मामंजींनी ह्यांना चावडीपुढं, समद्या गावादेखत थोबाडलं व्हतं. तवापास्नं परीक्षा म्हनलं की ह्ये पळवाट हुडकत्यात. बर्फात बंदूक घेऊन उभा ऱ्हायलेला मानूस, पर प्रश्नपत्रिकेला भितो. दोनदा परीक्षेला निघाले. एकदा कराडातनं माघारी, एकदा साताऱ्यातनं. निमित्त म्हशीचं. ती ह्यांच्याबिगर पान्हा सोडत न्हाई म्हनं.

औंदा जपानीची परीक्षा व्हती, पुण्यात, रविवारी. म्यां बजावलं, "ह्या खेपंला माघारी आलासा तर पुस्तकं रद्दीत, आन् मी शिराळ्याला म्हायेरी." शनवारी दुपारी मीच जाऊन यष्टीत बसवून दिलं.

सांजच्याला चरवी घेऊन गोठ्यात गेले. आंबोण ठेवलं, रेडकू लावलं, पाठीवर हात फिरवला. म्हैस ढिम्म. कास दगडावानी. आई आई म्हनून गोंजारलं, तर शेपटीचा फटकारा तोंडावर. हिच्या मारी, हिलाबी आजच सूड उगवायचा हाय!

तेवढ्यात फोन वाजला.

"सातारा स्टँडवर गाडी थांबलीया," ह्ये म्हनले. "दिलं का गं दूध? नसंल दिलं तर उतरतो हितंच."

काय तो आवाज! मुक्या जनावराच्या आडून पळायला निघालेला. माजं टाळकंच सरकलं. पर मागनं रडूबी आलं. पन्नाशीच्या गड्याला अजून त्या चावडीचं भ्या हाय.

"उतरू नगा. थांबा जरा," म्हनले, आन् फोन चालूच ठेवून गव्हाणीवर ठेवला. म्हशीच्या पोटाला डोकं टेकवलं आन् ह्यांच्यावानीच सुरात जपानी आकडं सुरू केलं, "इची, नी, सान, शी, गो, रोकू..."

कास भरत आली. धार चरवीत वाजली.

फोनातनं हळूच आवाज आला, "अगं, तुला कवा आलं ह्ये?"

"तीन वरसं रोज ऐकतीया. मी काय भिताड हाय व्हय?" म्हनले. "म्हैस देतीया दूध. आता हिचं नाव सांगायचं न्हाई. तुमी परीक्षेला भिताय, मला ठावं हाय. व्हा नापास, आता थोबाडायला कोन न्हाई. मी तर न्हाईच. पर जाऊन बसा तितं."

मी पुढं मोजत ऱ्हायले. "हाची, क्यू, जू..."

"सात इसरलीस," ह्ये म्हनले.

मग कंडक्टरची घंटी वाजली, आन् ह्ये उतरले न्हाईत.