दसऱ्याच्या ताटातली किल्ली

आधी मावशीचं सांगतो, मग मोटारसायकलचं. सिल्वासात आमच्या खोल्यांमागे मावशी खानावळ चालवायची. मी कामाला होतो त्या कारखान्यातल्या बहुतेकांचे डबे तिच्याकडचेच. आठवीतून शाळा सोडून धुळ्याकडून आलेल्या माझ्यासारख्याला तिने जेवण तर दिलंच, वर पडवीही दिली. गाडी जिवंत झाली ती त्या पडवीत.

गाडी आमच्या सुपरवायझर साहेबांची. कारखान्याच्या शेडमध्ये कितीतरी वर्षं पोत्यांखाली पडलेली. साहेब आमच्याच भागातले, माझ्याशी अहिराणीत बोलायचे. घरापासून एवढ्या लांब ती बोली ऐकली की धीर यायचा. एकदा मावशीकडे जेवताना म्हणाले, "भाऊ, चालू कर, गाडी तुनीच शे." चालू केलीस तर तुझीच. मी लगेच गावी निरोप धाडला, दिवाळीला आईला मागे बसवून देवीला नेतो म्हणून.

सोबत्यांनी गाडी ढकलत मावशीच्या पडवीत आणून दिली. इंजिन जाम होतं, किक हलेना. प्लगच्या भोकातून डिझेल सोडून मुरू दिलं. टाकीत दमणगंगा नदीतली बारीक खडी नि रॉकेल घालून खळखळवायचो. चहासारखा गंज निघायचा. मावशी ओरडायची, "पोऱ्या, भाजीला रॉकेलचा वास मारतोय! लोक म्हणतील, मावशी इंजिनात फोडणी देते." पण पडवी रिकामी कर, असं कधी म्हणाली नाही. उंदरांनी खाल्लेली सीट तिनेच जुनी गोधडी भरून शिवली.

एका रविवारी धूर ओकत गाडी चालू झाली. जवळच्या वासोणा गावापर्यंत जाऊन आलो.

दसऱ्याला कारखान्यात यंत्रांची, गाड्यांची पूजा. साहेब म्हणाले, "घेऊन ये, पूजा होऊ दे." रीत अशी की किल्ली पूजेच्या ताटात ठेवायची नि आरतीनंतर ज्याची गाडी त्याने उचलायची. मी हार घातला, किल्ली ताटात ठेवली. आरती संपली. माझा हात पुढे व्हायच्या आत साहेबांनी किल्ली उचलली नि पूजेला आलेल्या आपल्या जावयाच्या हातात दिली. "ही तुम्हाला दसऱ्याची भेट." अगदी स्वच्छ मराठीत. माझ्याकडे पाहिलंही नाही.

मी रोजंदारीवरचा. बोललो तर उद्या गेटवरच अडवतील, ही धास्ती. शेडमधून गाडी ढकलत आणणारे सोबती हातातल्या पेढ्याकडे बघत राहिले. प्रसाद घेऊन आलेली मावशी तेवढी पुढे झाली.

"साहेब, गाडी या पोऱ्याची ना? माझ्या ताटावर बसून बोललात."

साहेब हसले. "मावशी, तू आपले डबे सांभाळ."

थोड्याच दिवसांत कारखान्यातले डबे बंद झाले. साहेबांना दुखवायला कोण धजणार? खानावळ मोडली, मावशी नवापूरला लेकीकडे गेली. जाताना मला भाकरी बांधून दिल्या.

आजही कुणी गोड अहिराणीत हाक मारली की मी आधी सावध होतो. गाडीबरोबर त्या बोलीचा धीरही साहेबांनी नेला.

पण मावशी, माझं बोलणं तू बोललीस नि चूल तुझी विझली. अजून माझी स्वतःची खोली नाही. तरी नवापूरला येईन, तुझी खानावळ पुन्हा मांडून देईन. कधी ते सांगता येत नाही, पण देईन.