क्लबच्या खिडक्या आणि डाळिंबाची सालं

तिकडे उत्तरेत, मानक नगरच्या आमच्या सरकारी क्वार्टरमध्ये मी कापड रंगवायचे, म्हणून ऑफिसातली मंडळी ह्यांची टिंगल करायची. "आज भाभीजी ने क्या उबाला?" उबाला तर उबाला, तुमच्या बापाचं काय गेलं? नव्वदच्या दशकात कॉलनीभर चकचकीत पॉलिस्टर लटकत होतं आणि मी आलमबागच्या ज्यूसवाल्या भैयाकडून डाळिंबाची सालं आणून जाड टसर रेशमाचे पडदे रंगवत होते. त्यात विषारी काही नसल्यामुळे रंगाचं पाणी मोरीत ओतताना जिवाला घोर नसायचा.

एकदा कॉलनीच्या क्लबचे पडदे करायचं काम मला मिळालं. काय आनंद झाला म्हणून सांगू! मोठ्या साहेबांच्या बाईसाहेबांनी पिवळा नमुना पसंत केला. मी तेव्हाच बजावलं, "सालीचा रंग है, हर बार थोड़ा अलग आएगा." त्या "हाँ, हाँ" म्हणाल्या.

अर्धे पडदे झाले आणि ऐन उन्हाळ्यात नळ कोरडा पडला. उरलेले मी हँडपंपाच्या पाण्यात रंगवले. त्या पाण्यात लोखंड फार, त्यामुळे पिवळ्याचा शेवाळी हिरवा झाला. खरं सांगते, तोच जास्त देखणा होता. एक पिवळा, एक हिरवा असे मी ते आलटून-पालटून टांगले.

बाईसाहेब आल्या, बघितलं आणि भडकल्या. "ये क्या देहाती काम है? पुड़िया का रंग डालकर सब एक-सा कीजिए." मग पडदे टांगायला माझ्यासोबत आलेल्या ह्यांच्याकडे वळून म्हणाल्या, "आप समझाइए इन्हें." ह्यांच्या बढतीचा कागद त्यांच्याच नवऱ्याच्या टेबलावर होता.

हे माझ्या कानाशी आले. "अगं, टाक ना एक पुडी. कुणाला कळणार आहे?"

"मला कळेल!" मी ओरडलेच. डोकं असं सणकलं की सरळ स्टूल ओढलं, वर चढले आणि पडदे काढायला लागले. "पुडीचा रासायनिक रंग हवा तर पडदे बाजारातून आणा. माझ्या रेशमाला तो लागणार नाही!" संतापात हिंदी सुचलीच नाही, पण बाईसाहेबांना बरोबर समजलं.

स्टूल डगमगत होतं. हे पुढे आले. मला वाटलं, आता हात धरून खाली ओढणार. ह्यांनी दोन्ही हातांनी स्टूल घट्ट धरलं आणि मान वळवून म्हणाले, "मैडम, ज़रा हटिए. पर्दा उतर रहा है."