एका अंगाने बसून

"उडी मार!" आमचे मालक पुढून ओरडले. कोयनेच्या घाटात उतारावर सायकलचा ब्रेक तुटला होता. मी मागे कॅरिअरवर, मांडीवर तान्ही लेक.

"आवं, पोरीला घेऊन कशी मारू?"

बाईने दोन्हीकडे पाय टाकून बसायचं नाही, ही आमच्याकडची रीत. मी एका अंगाने बसलेली, तोंड दरीकडे. पुढचा रस्ता मला दिसतच नव्हता. दिसत होतं फक्त खाली धरणाचं पाणी, हिरवं, निवांत. मालक चाकावर चप्पल दाबत होते, रबर जळल्याचा वास येत होता. लेकीला पदरात आवळून मी पाण्याकडे बघत राहिले. दुसरं काही करण्यासारखं नव्हतंच.

"घट्ट धर तिला," ते म्हणाले आणि त्यांनी सायकल डोंगराच्या बाजूला घातली.

आज त्याच लेकीची मुलगी धरणाला सायकलवरून वळसा घालून आली. दारात ब्रेक दाबला, तर तोच वास.

"आजी, वरनं पाणी लय भारी दिसतं गं!"

"ठाऊक हाय," मी म्हटलं.

त्या दिवशी मालक कातळावर आपटले आणि जागीच गेले. मी आणि लेक वाचलो.