रायफलीला पंचामृत

माझ्या रायफलीने आजवर एकच गोळी अचूक मारली आहे, आणि ती माझ्या साळ्याच्या नावावर जमा आहे.

साळा म्हणजे आमच्या मंदाचे थोरले भाऊ. अकोल्यात वकिली करतात. सगळे त्यांना दादासाहेब म्हणतात. (मीही म्हणतो, मंदा समोर असली की.) मी अमरावतीचा संत्र्याचा व्यापारी. मार्केट यार्डात दुसऱ्यांची खोकी डोक्यावर वाहत इथवर आलो, त्यामुळे सौदा कसा करायचा हे मला कुठल्या कॉलेजाने शिकवलेलं नाही. भल्याभल्या बागायतदारांना मी संत्र्यांबरोबर झाडाची सावलीही फुकट द्यायला लावली आहे.

आम्हा दोघांना खूळ मात्र एकच: जुन्या लिव्हरवाल्या रायफली. चापाखाली एक लोखंडी कडी असते. ती खाली ओढली की रिकामं काडतूस टुणकन बाहेर, वर आणली की नवं काडतूस आत. खटॅक-खटॅक! हा आवाज ऐकला की मला जेवण लागत नाही. (लायसन दोघांकडेही आहे. उगाच कान टवकारू नका.)

अंजनगाव सुर्जीकडच्या एका जुन्या जहागीरदार घराण्यातली अशी जोडी दादासाहेबांच्या हाती लागली. दोन सख्ख्या बहिणी म्हणाव्यात अशा रायफली, दोघी एकाच पेटीत. त्यातली एक मला द्या म्हणून मी मागे लागलो. सरकारी परवानग्या आल्या आणि आम्ही सौद्याला बसलो. मी भाव असा घासला, असा घासला, की पंख्याखाली बसलेल्या वकिलाच्या कपाळावर घाम! शेवटी माझ्या मनासारखं झालं. मी रायफल उचलली आणि म्हणालो,

"आता पेटी द्या."

"कोणती पेटी?"

"सागवानी. आतून हिरव्या मखमलीची. हे रायफल जिच्यात निजते, थे."

"जवाईबुवा, सौदा रायफलीचा झाला. पेटीचं नाव कोनं काढलं?"

"अहो, खोक्याबिगर कोनी संत्री इकते काय?"

"तुमी खोक्याचे पैसे वेगळे लावता. मले मालूम हाय."

(लावतो. पण तो मुद्दा नाही!)

मी रायफल जुन्या चादरीत गुंडाळून घरी आणली. त्या दिवसापासून पेटी माझ्या छातीत अडकली आहे. सासरकडच्या प्रत्येक लग्नात, बारशात मी तो विषय काढला. एका तेरवीतही काढला. त्या दिवशी मंदाने हात टेकले.

"तुमच्या पेटीपायी माहेरचे लोक मले आता बोलवत नाहीत," ती म्हणाली. "काय तो निकाल लावा एकदाचा."

निकाल असा ठरला: दसऱ्यानंतरच्या रविवारी अमरावतीच्या रायफल क्लबच्या मैदानावर दोघांनी आपापल्या रायफलीने नेम मारायचा. या जुन्या मापाची काडतुसं आता मिळत नाहीत, म्हणून दोघांना पाच-पाचच. मी जिंकलो तर पेटी माझी. हरलो तर पेटी हा शब्द मरेपर्यंत तोंडातून काढायचा नाही.

आणि मध्ये दसरा आला.

आमच्याकडे दसऱ्याला वजनकाटा पुजतात, ट्रक पुजतात, आणि त्या वर्षीपासून रायफल. सकाळीच दादासाहेबांनी घरच्या ग्रुपवर फोटो टाकला. मखमलीच्या पेटीत (माझ्या पेटीत!) त्यांची रायफल, वर झेंडूचा हार. खाली सगळ्या सासरवाडीचे हात जोडलेले. माझं डोकंच फिरलं. तेवढ्यात गुरुजी आले. काट्याला हळदकुंकू, ट्रकला नारळ, रायफलीला गंध आणि एक फूल वाहून ते उठायला लागले.

"झालं?" मी म्हणालो.

"झालं, शेठ. शस्त्राला एवढंच असतं."

"काट्याले तेवढं, ट्रकाले तेवढं, अन् रायफलीले एक फूल? दक्षिणा तं पूर्ण घेऊन राहिले तुमी! अभिषेक करा."

"अभिषेक मूर्तीला असतो, शेठ. बंदुकीला नसतो."

"मंग दक्षिणा कमी करा."

गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं, रायफलीकडे पाहिलं आणि पळी हातात घेतली. दूध, दही, तूप, मध, साखर! रायफलीच्या पोटाला काडतुसं भरायची एक खिडकी असते. प्रत्येक मंत्राला एक पळी तिथे. मी शेजारी उभा राहून, एकही पळी कमी पडू नये म्हणून पाहत होतो.

"काहो," मंदा दारातून म्हणाली, "लोखंडाले मध काहून पाजून राहिले?"

"तू मधात बोलू नको."

"मधातच तं बोलून राहिली!"

फोटो झकास आला. मी तो ग्रुपवर टाकला. दादासाहेबांनी फक्त अंगठा पाठवला.

संध्याकाळी मंदा म्हणाली, "तिले आतून पुसून घ्या. चिकट झाली असन."

"पुजलेलं शस्त्र मॅचपर्यंत पुसायचं नाही," मी म्हणालो. हा नियम कुठे लिहिलेला आहे ते मला आजही माहीत नाही. नळी तेवढी गजाने साफ केली (मी काही वेडा नाही) आणि रायफल कपाटात बंद केली.

रविवारी दादासाहेब आधी बसले. खटॅक, ठो! खटॅक, ठो! पाचही गोळ्या खाली त्यांचं नाव लिहिलेल्या कागदावर, पण मधल्या काळ्या ठिपक्याच्या आजूबाजूलाच. ठिपका कोरा. मला उकळ्या फुटल्या. मी शेजारच्या जागेवर लवंडलो, कडी ओढली.

खटॅक नाही. च्च्च्चक्.

"काय हो," दादासाहेब म्हणाले, "तुमची रायफल चॉकलेट खाऊन राहिली काय?"

पहिली गोळी कागदाच्या कडेला लागली. दुसरीसाठी कडी ओढली तर ती हलेना. मी दोन्ही हातांनी हिसका दिला. क्लबचे सर ओरडले, "नळी समोर ठेवा, साहेब! समोर!" कडी एकदम सुटली, रिकामं काडतूस बाहेर पडलं, आणि त्याच्यामागून मुंग्या. लाल. रांगेने, शिस्तीत, लग्नाच्या पंगतीतून उठल्यासारख्या!

"थांबता काय?" दादासाहेबांनी विचारलं. "थांबलं तं हरलं."

मी थांबलो नाही. दुसरी गोळी कशीबशी गेली, तिसरी मातीत. चौथीला मुंग्या बाहीत शिरल्या. पाचवीला मी डोळा लावला, श्वास धरला, आणि त्याच क्षणी एक मुंगी मानेला अशी कडाडून चावली की मी सगळाच उडालो. ठो!

माझ्या कागदावर नवीन भोक नव्हतं. दादासाहेबांच्या कागदावर मात्र काळ्या ठिपक्याच्या बरोब्बर मध्ये एक भोक. त्यांनी झाडलेल्या गोळ्यांपेक्षा एक जास्त!

सर म्हणाले, "ह्यांच्या कागदावरचं भोक ह्यांच्यातच मोजायचं. दोन्ही रायफली एकाच मापाच्या, कोणतं कोणाचं कसं सांगणार?"

तिथे मी गप्प बसलो असतो तर निदान दुसऱ्याच्या कागदावर गोळी मारली हे गावभर झालं नसतं. पण माझं डोकं फिरलं.

"सांगनार म्हंजे? मधातलं माहं हाय! यायले जन्मात लागलं नसतं थे! मी मारलं! ह्या हातानं!"

मैदानावरचे सगळे गोळा झाले. मी शर्ट काढून मुंग्यांच्या चाव्याचे पुरावे दाखवले. मंदा आमच्याकडे पाठ करून चिवडा खात होती. दादासाहेबांनी वकिलासारखं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले,

"मान्य. भोक तुमचं. पेटी माही."

ती पेटी अजून अकोल्यात आहे. मी शब्द काढत नाही. पण तो कागद मी क्लबच्या सरांशी घासाघीस करून, वर चार टाचण्या फुकट घेऊन घरी आणला आणि फ्रेम करून बैठकीत लावला. येणारा प्रत्येक पाहुणा जवळ जातो, मधलं भोक पाहतो, खाली लिहिलेलं नाव वाचतो आणि मला म्हणतो,

"वा, शेठ! साळ्याचं कौतुक करावं तं तुमच्यासारखं!"