रानातल्या हडळीचा पाळणा

हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही आमच्या वाडीतले नाही — तेवढंच धैर्य आहे माझ्यात.

आमच्या शेजारची शेवंताकाकी. तिला मूलबाळ नाही, पण वाडीतलं एकही बारसं तिच्याशिवाय होत नसे. पाळणा म्हणावा तर तिनेच. माझ्या बारशालाही तीच गायली होती.

चार वर्षांपूर्वी आमच्या रानात सिनेमावाले आले. भुताचा सिनेमा, आणि वर गाण्यांचा! कुणी मरायचं म्हटलं की आधी गाणं. मी मिरजोळ्याच्या कारखान्यांचा माल वाहायचं सोडलं आणि टेम्पो त्यांच्या दिमतीला लावला. सामान मी वाहायचो, पण रुबाब असा, जसा काही मीच डायरेक्टर. संगीतवाला म्हणाला, हडळीसाठी म्हातारा, गावरान आवाज हवा. मी छाती काढून म्हटलं — आहे की!

ती हडळ काय करते, मला ठाऊक नव्हतं? होतं. पाळणा म्हणत पोरं उचलून नेते. सगळी गोष्ट ऐकली होती मी. आणि काकीला सांगितलं, देवीचा सिनेमा आहे. बिचारी नवं लुगडं नेसून टेम्पोत माझ्या शेजारी बसली. रानात झाडाखाली आधी माईकला हात जोडले तिने, मग गायली.

सिनेमा टीव्हीवर आला त्या रविवारी दुपारी अख्खी वाडी आमच्या पडवीत. काकी सगळ्यांत पुढे. दुसऱ्याच गाण्याला केस सोडलेली ती बाई कुणाचं तरी पोर घेऊन रानात शिरली — आणि आवाज काकीचा.

काकी वळली. "बाबू, ह्यो माजाच पालना ना रं? तू तर देवीचा म्हनला व्हतास."

"मला तरी कुठं ठाऊक होतं, काकी? फसवलंनी आपल्याला!" सगळ्यांसमोर, तोंड वर करून म्हणालो मी हे. आणि तिने काय करावं? उलट माझीच समजूत घातली.

त्यानंतर तिला एकाही बारशाचं बोलावणं नाही. कुणी वाईट बोललं नाही हो — फक्त बोलावलं नाही. पोरं मात्र तिला बघून तोच पाळणा ओरडत पळतात. मी ऐकतो, आणि टेम्पो पुसत बसतो.

गेल्या महिन्यात माझ्या नातीचं बारसं झालं. बायको म्हणाली, काकीला नको, सून घाबरते. मी मान डोलावली. पाळणा मोबाईलवर लावला. शेजारच्या ओटीवर काकी बसलेली दिसत होती — तेच लुगडं नेसून. संध्याकाळी तिने हाताने शिवलेली कुंची पाठवली.

ती नातीला घालू दिली नाही. बायकोने नव्हे, सुनेने नव्हे — मी. मला भीती वाटली! खोटं माझं, भूत मी उभं केलेलं, आणि भीती मलाच? लाज वाटते सांगायला. कुंची टेम्पोच्या सीटखाली पडून आहे.

काकी भेटली की विचारते, "बसली का रं पोरीला?"

मी सांगतो, "अगदी मापात बसली, काकी."