नळीवरचा नंबर

कवडूकाकाजींना मी अंगठ्याने वाचताना पाहिलंय. पेपर त्यांना कधी वाचता आला नाही, पण ठासणीच्या भरमार बंदुकीच्या नळीवर कोरलेला नंबर ते घासता घासता अंगठ्यानेच वाचायचे. आकड्यांच्या कडा बोथट लागल्या की नंबर झिजू नये म्हणून हात थांबायचा. नवेगाव बांधच्या आसपास रानडुकरांपासून धान राखायला ज्यांच्याकडे परवान्याच्या भरमारी आहेत, ते सगळे चाळीस वर्षं नळ्या घासून घ्यायला या लोहाराच्याच भात्यासमोर बसलेले.

माणूस फटकळ. कुणी नळी चकचकीत करून मागितली की म्हणायचे, "चमकवाची असन तं गोंदियाले जा, बायकोचे तोडे चमकवतेत तिथं. चमकली नळी चांदन्यात डुकरालेबी दिसते." त्यांचा रंग एकच, राखी. चिंचेचा कोळ, ऊन, चुलीतली राख, शेवटी जवसाचं तेल. तीन दिवसांत नळी घरातल्या पाट्यासारखी जुनी दिसायची.

माझे बाबा, यादोराव, वारले त्याला तेव्हा महिना झाला होता. मी रडले नव्हते. जेवत होते, धान पाहत होते, आल्यागेल्याला चहा देत होते. आत काही हलतच नव्हतं. बाबांच्या बंदुकीचा परवाना माझ्या नावावर व्हावा म्हणून अर्ज केला, आणि अतिशहाणपणा करून नळीला गेटचा उरलेला काळा ऑइलपेंट फासला. तपासणीला ठाण्यात नेली तर साहेब म्हणाले, "नंबर कुठे आहे? रंग काढून आणा."

मी नळी काकाजींकडे नेली.

"तुह्या बापानं पाह्यलं असतं नूतन, तं तुलेच चिंच चोपडली असती," एवढंच ते बोलले.

तिन्ही दिवस मी समोर बसून होते. अंगठा नेहमीसारखा नळीवर फिरत होता. एकदा भट्टीतला निखारा त्या अंगठ्याला चिकटला, कातडी जळल्याचा वास आला, आणि ते घासतच राहिले. मी पाहिलं. विचारलं नाही. त्या दिवसांत मला कशाचंच नवल वाटत नव्हतं.

चौथ्या दिवशी नळी सुरेख राखी झाली होती. नंबर मात्र नव्हता. उन्हात धरून पाहिली, तिरकी करून पाहिली. आकड्यांच्या जागी नुसतं गुळगुळीत लोखंड.

"आकडे कागदावर आहेत काकाजी. ठोका की पुन्हा."

"नंबर ठोकनं माहं काम नोहे," ते म्हणाले आणि सदरा घालून माझ्या स्कूटीवर मागे बसले.

ठाण्यात साहेबांचा आवाज चढला. "नंबर मिटवणं गुन्हा आहे, बाई. कुणी सांगितलं होतं तुम्हाला?" बाकावर गावातले चौघे आपापल्या बंदुका घेऊन बसले होते. त्यांच्यासमोर काकाजी उभे राहिले.

"तिले काऊन बोलून राहिले साहेब? मी घासलो. माहा अंगठा मेला हाये. शुगरनं. दोन वर्सं झाली, आकडे लागतच नाही मले."

"मग काम कशाला घेता?"

"सांगतलो असतो तं कोनी देलं नसतं."

बाकावरच्यांनी एकमेकांकडे पाहिलं. त्यातल्या बकारामची भरमार दुसऱ्याच दिवशी काकाजींकडे यायची होती. त्याने ती मांडीवर जवळ ओढून घेतली.

जबाब काकाजींचा झाला. माझ्यावर काही आलं नाही. बाबांची बंदूक जप्त होऊन आतल्या खोलीत गेली, आणि मी सही करून बाहेर पडले.

परतीचा रस्ता खड्ड्यांचा होता. काकाजींनी मागून माझा खांदा पकडला. किती जोरात, ते त्यांच्या बोटांना कळत नव्हतं. नखं रुतत होती. दुखत होतं. महिन्याभरात पहिल्यांदा मला काहीतरी दुखत होतं. हात सैल करा असं मी त्यांना सांगितलं नाही, रडत गाडी चालवत राहिले.