हवेत धरलेला ठोकळा

ऑफिसात सगळे त्यांना ताई म्हणत. मोबाइलवरचा ठोकळे रचायचा एक खेळ तिथं बनायचा. तो लोकांच्या हातात पडण्याआधी खेळून त्यातल्या चुका काढणं हे ताईंचं काम. ठोकळ्यांना खरोखरीचं वजन असावं तसा तो खेळ होता. एखादा जरा तिरका बसला की अख्खा मनोरा कलंडायचा. ताई एकच डाव कधी घाईघाईत खेळत, कधी जपून, तर कधी निव्वळ वात्रटपणे, खालचाच ठोकळा ओढून.

"ताई, अंगात किती जण येतात हो तुमच्या?" पोरं चिडवायची.

घरी आई होती. अर्धांगवायूच्या झटक्यानं तिचा उजवा हात अधू झालेला. बोटांना चाळा म्हणून ताईंनी तिला हाच खेळ दिला. आई ठोकळा उचलायची, मनोऱ्यावर न्यायची आणि तसाच हवेत धरून बसायची.

"अगं, ठेव ना आता."

"पडेल गं."

तेवढ्यात वेळ संपायची, ठोकळा आपोआप सुटायचा आणि सगळं कोसळायचं. आई ओशाळून फोन बाजूला सारायची.

असं खेळणारं माणूस ताईंच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. त्या साहेबांकडे गेल्या.

"ही वेळेची अट काढता येईल का? निदान सुरुवातीच्या डावांत?"

"इतकं रेंगाळत कोण खेळतं, ताई?"

आईचं नाव काढायला जीभ रेटेना. "खेळतात काही जण," एवढंच त्या म्हणाल्या. अट तशीच राहिली.

हळूहळू आईनं फोनला हात लावणं सोडलं. ताईंनी मिनतवाऱ्या केल्या, एकदा चिडून ओरडल्याही.

"माझ्याच्यानं नाही होत. सारखं सारखं पाडून कशाला दाखवतेस मला?" आई म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून निजली.

पुढं खेळून बघायचं काम कॉम्प्युटरच करू लागला आणि ताईंना घरी बसवलं. आईला सांगितलं, तर ती म्हणाली, "माझ्यापायी तर नाही ना गेलं?"

"छे गं," ताई म्हणाल्या.

आता ताई एका गोदामात खोकी बंद करतात. आईची मूठ कायमची आवळली गेली आहे. सकाळी कामावर निघण्याआधी ताई कोमट पाण्यात फडकं भिजवतात, तिची बोटं एकेक करून उघडतात आणि तळवा पुसतात.

"दुखतंय का?"

आई मान हलवते. हो म्हणते की नाही, ते कळत नाही. पुसून होतं न होतं, तोच बोटं पुन्हा मिटतात.